बटन नंबर तीन

डाव्या पुढच्या चाकाची डिस्क उजवीपेक्षा नव्वद डिग्रीनं जास्त तापत होती. ट्रॅकच्या कडेला ताडपत्रीच्या सावलीत आम्ही चौघं लॅपटॉपकडे बघत उभे होतो. टेस्ट ड्रायव्हर हेल्मेट काढून पाणी प्यायला आणि म्हणाला, "ब्रेक मारला की गाडी डावीकडं जाते. तिकडं तिचं काहीतरी काम असावं."

मी एका स्पोर्ट्स कारच्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. पुण्याजवळ आमचं छोटं युनिट आहे. दोन माणसांची गाडी, इंजिन सीटच्या मागं, वजन जेमतेम हजार किलो. ती किती वेगात पळते, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ती थांबते कशी, हे आजवर फक्त माझ्या आईनं विचारलंय. माझं काम तेच, ब्रेक आणि सस्पेन्शन. इंजिनवाल्यांचे फोटो छापून येतात, आम्हाला फोन येतात.

त्या दिवशीची टेस्ट साधी होती. ताशी दोनशेच्या वेगावरून साठवर यायचं, पुन्हा दोनशे गाठायचे, पुन्हा साठ. असं लागोपाठ दहा वेळा. यात डिस्क चारशे-पाचशे डिग्रीपर्यंत तापतात, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. फक्त दोन्ही बाजू सारख्या तापल्या पाहिजेत. एक बाजू जास्त तापली की तिकडचा ब्रेक कधी जास्त धरतो, कधी कमी, आणि गाडी सरळ थांबत नाही. सरकारी मान्यतेची ब्रेक टेस्ट तीन आठवड्यांवर आली होती. तिथं गाडी सरळच थांबावी लागते.

आम्ही नेहमीच्या संशयितांपासून सुरुवात केली. पॅड बदलले. डिस्क बदलली. ते पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर नवा लावला. ब्रेक ऑइल बदललं. हवा जायची वाट साफ आहे का बघितलं. तापमान मोजणारा सेन्सर तरी खोटं बोलत असेल, म्हणून तोही बदलला. दोन दिवस गेले. डावीकडचं जवळजवळ सगळं नवं झालं आणि आकडा नव्वदच राहिला.

एकच गोष्ट बदलायची राहिली होती, ती म्हणजे अपराइट. चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग ज्यात बसतं, तो हा अ‍ॅल्युमिनियमचा कोरलेला ठोकळा. त्याला दोन कान असतात आणि कॅलिपर त्या कानांवर बोल्टनं बसतो. हे कान डिस्कला अगदी समांतर हवेत. मी डायल लावला. डायल म्हणजे घड्याळासारखं दिसणारं मापाचं साधन, फक्त वेळेऐवजी मायक्रॉन दाखवतं. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे मायक्रॉन. काटा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दीडशे मायक्रॉन सरकला. दोन केस एकमेकांवर ठेवले तर होईल तेवढी जाडी. तेवढ्यानं कॅलिपर तिरपा बसत होता. ब्रेक सोडला तरी पॅडची एक कड डिस्कला घासत राहत होती.

स्टोअरमधले आणखी दोन डावे अपराइट मागवून तपासले. तेही तसेच निघाले. उजवे सगळे चांगले.

साने सर आमचे चीफ इंजिनिअर. ते आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटते.

"हा पार्ट कुठून आलाय?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"जालन्याहून, सर."

"जालन्यात सळ्या होतात," ते म्हणाले. "मी तेव्हाही म्हणालो होतो."

"पहिला पीस संभाजीनगरला सीएमएमवर, त्या कॉम्प्युटरी मापाच्या मशीनवर, तपासला होता सर. बारा मायक्रॉनच्या आत होता."

"पहिला पीस सगळ्यांचाच चांगला असतो. तुला दोन दिवस देतो. कारण सापडलं तर ठीक. नाहीतर डावे-उजवे दोन्ही कोइमतूरच्या व्हेंडरकडे जातील."

आता हे सांगायला हवं की अपराइटचं काम जालन्याला, रंगनाथमामांच्या वर्कशॉपमध्ये, मीच भांडून नेलं होतं. मी भोकरदनची. माझे वडील तिथं शिक्षक होते आणि रंगनाथमामांची मुलगी त्यांच्या वर्गात होती, एवढीच मूळ ओळख. मामा राजूरच्या बाजूचे. तीस वर्षं त्यांनी जालन्याच्या रोलिंग मिलांसाठी रोल कातले. लाल तापलेलं लोखंड ज्या खाचांच्या रुळांमधून जाऊन सळी होतं, ते हे रोल. खाच जरा चुकली की टनावारी सळी चुकते. त्यामुळे मामांच्या अंगठ्याला जे कळतं, ते पुष्कळ मशीनना कळत नाही. पुढे त्यांनी एमआयडीसीत शेड घेतली आणि दोन व्हीएमसी बसवल्या. व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन. त्यांनी केलेला नमुना बघितला आणि मी साने सरांच्या मागं लागले. सहा महिन्यांनी ते हो म्हणाले.

त्या वेळी मामांच्या दुकानाचं निम्मं काम आमचं होतं. निम्म्यापेक्षा जास्त अभिमान आमचाच होता. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला येऊन त्यांच्या घरी उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते अपराइटचा फोटो दाखवत. ती गाडी त्यांनी स्वतः अजून बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी त्यांच्या शेडमध्ये पोचले. पिशवीत खराब अपराइट होता.

"या ताई. च्या घ्या आधी."

"आधी हे बघा, मामा. कान डिस्कला समांतर नाहीत. दीडशे मायक्रॉनचा फरक आहे."

त्यांनी पार्ट हातात घेतला. कानावरून अंगठा फिरवला. "डावा हाये ना?"

"डावेच. तिन्ही."

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. "बरं," ते म्हणाले. "कुठून चालू करायचं?"

मी म्हणाले स्पिंडलपासून. स्पिंडल म्हणजे कटर फिरवणारा दांडा, तो टेबलाला काटकोनात आहे का ते बघितलं. होता. टेबलाची लेव्हल बघितली. बरोबर. प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचला. कटरची झीज बघितली. ड्रॉइंग काढून प्रत्येक माप ताडून बघितलं. मामा प्रत्येक गोष्ट जागच्या जागी काढून देत होते, मी मागायच्या आधी पाना पुढं करत होते. दोनदा चहा झाला. एक वाजला. त्या मशीनमध्ये दोष म्हणून काही नव्हता.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"फिक्स्चर," मामा म्हणाले. हे ते मशीनकडे बघत म्हणाले.

फिक्स्चर म्हणजे कापायचा पार्ट हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा लोखंडी पाट. डाव्या पार्टचा वेगळा, उजव्याचा वेगळा. दोन्हींचं डिझाइन माझंच. अपराइटचं बेअरिंगचं भोक एका बाजूनं कापून झालं की तो उलटा करून या फिक्स्चरवर ठेवायचा आणि कान कापायचे. पाटावर तीन कडक, घासून गुळगुळीत केलेली पोलादी बटनं असतात. पार्ट फक्त त्या तीन बटनांवर टेकतो. तीनच, कारण तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. पण एक पाय उंच झाला तर स्टूल न डुगडुगता तिरकं बसतं आणि बसणाऱ्याला पत्ता लागत नाही. मशीनलाही लागत नाही. कान कापून तिथंच माप घेतलं तर शून्य येतं, कारण पार्टच तिरका धरलेला असतो.

फिक्स्चरवर कापायचा नवा पार्ट बांधलेला होता. तो सोडवायला लावला. ब्रशनं आणि हवेनं कीस उडवला. मग डायल तिन्ही बटनांवरून फिरवला.

एक नंबर, शून्य. दोन नंबर, शून्य. तीन नंबर, दीडशे.

मी वाकून बघितलं. बटनाचा माथा आरशासारखा हवा होता. त्यावर तपकिरी-लालसर पापुद्रा होता, कापताना वाहणाऱ्या कूलंटमध्ये भिजून आणि क्लॅम्पखाली दाबला जाऊन लाखेसारखा टणक झालेला. मी नखानं खरवडला. नखात लाल आलं.

"मामा, हे काय आहे?"

"कुंकू हाये."

"फिक्स्चरवर?"

"खंडेनवमीचं हाये."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकरी विळा-खुरपं पूजतो, सुतार करवत पूजतो, एमआयडीसीत लेथ आणि व्हीएमसीला हार पडतात. यात नवीन काहीच नव्हतं. पण बटनाच्या माथ्यावर कुंकू म्हणजे तराजूच्या पारड्याला खालून गूळ चिकटवण्यातला प्रकार. मी चिडले. चार तासांचं चिडणं एकदम बाहेर आलं.

"तीस वर्षं रोल कातलेत तुम्ही! रेस्ट बटनावर कुंकू? तुमच्या दुकानात? कुणी लावलं हे?"

मामा हातातल्या फडक्याची घडी घालत होते.

"ज्यानं लावलं त्याला आत्ता इथं बोलवा. मला त्याच्याशी बोलायचंय."

"ते हितंच हायेत," मामा म्हणाले.

"कोण?"

"तुमीच की, ताई."

मी पुन्हा बटनाकडे बघितलं. ते गोल होतं, चकचकीत होतं, आणि बरोबर माझ्या अंगठ्याच्या मापाचं होतं.

खंडेनवमीला मी जालन्यात होते. पहिला पीस त्याच आठवड्यात तपासून आला होता आणि पुढचे कापायचे होते. उजवं फिक्स्चर रॅकवर होतं, डावं मशीनवर. मामांनी सगळ्यांसमोर ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, याची पूजा तुमच्या हातानं. डिझाइन तुमचं हाये." आम्ही बौद्ध. आमच्या घरात ही पूजा होत नाही, माझ्या हाताला तिची सवय नाही. मी नाही म्हणाले असते तर कुणाला वाईट वाटलं नसतं. पण याच जिल्ह्यात माझ्या आजोबांच्या हातात असं ताट कुणी दिलं नसतं, हे मला ठाऊक होतं. मामांनाही ठाऊक होतं. मी ताट घेतलं. मला फार बरं वाटलं होतं, ते कशाला लपवू. कुंकू नेमकं कुठं लावतात हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. मी इंजिनिअरसारखा विचार केला आणि फिक्स्चरवरची सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात गुळगुळीत जागा निवडली. लावलंही सढळ हातानं.

"तुम्ही पुसलं का नाही?" मी विचारलं. माझा आवाज आता खाली आला होता.

"पूजेचं कुंकू पुसत न्हाईत ताई, आपोआप जाऊ देतात. आमी लावतो ते खाली, बेसच्या कडंला. तिथं वरीसभर राह्यलं तरी काय बिघडत न्हाई."

"पण हे बटनावर होतं."

"व्हतं ना. दुसऱ्या कुणी तिथं बोट नेलं असतं तर मी हातच धरला असता त्याचा. पण तुमी लावल्तं."

"मग?"

मामांनी फडकं टेबलावर ठेवलं. "तुमी हात लावलेलं मी लगेच पुसून घेतलं असतं, अन् तुमी पाह्यलं असतं, तर तुमाला काय वाटलं असतं?"

ते काय म्हणतायत ते मला तत्काळ कळलं. आमच्यापैकी कुणी हात लावलेलं पुसून घेणं, धुऊन घेणं, याचा आमच्या गावांत एक जुना अर्थ आहे. तो आम्हा दोघांनाही कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून ते कुंकू महिनाभर तसंच राहिलं, तीन पार्ट वाकडे गेले आणि एक गाडी डावीकडं ओढायला लागली.

"मला वाटलं असतं की फिक्स्चर स्वच्छ आहे," मी म्हणाले.

मामा हसले नाहीत. "मला वाटलं, क्लॅम्पखाली दबून निघून जाईल. मशीनवर माप घेतलं तं झिरो. मंग म्हणलं बराबर हाये. तिथं चुकलो मी. सकाळी तुमी आकडा सांगितला तवाच ध्यानात आलं."

"सकाळी? मग चार तास आपण काय करत होतो?"

"तुमी म्हणल्या स्पिंडल पाहू. मी स्पिंडल दाखवला."

"मामा, काम कोइमतूरला चाललं होतं. दोनच दिवसांची मुदत आहे. तुमच्या हातून सगळं गेलं असतं."

"गेलं असतं," ते म्हणाले. "पण पुण्याला काय सांगू, तुमच्याच मॅडमनं केलं म्हणून? तुमचं नाव म्या घेनार नव्हतो. अन् गुपचूप पुसलं असतं तं तुमाला कारण कधीच सापडलं नसतं, मापात असली लबाडी मी केली न्हाई कधी. म्हून म्हणलं, ताईचा डायल येईलच तिथंवर."

मला लाज वाटली. दोन मिनिटांपूर्वी मी गुन्हेगाराला हजर करा म्हणून ओरडत होते. आणि हा माणूस माझं मन दुखू नये म्हणून निम्मं दुकान घालवायला तयार होता, आणि वर मला पाने काढून देत होता. मला त्यांचा रागही आला. तो अजूनही थोडा आहे. ज्याला मापातलं इतकं कळतं त्यानं एवढी साधी गोष्ट तोंडानं सांगू नये, याला काय म्हणायचं?

मामांनी थिनरची बाटली आणि ते घडी घातलेलं फडकं माझ्यापुढं ठेवलं. "तुमीच पुसा," ते म्हणाले.

मी पुसलं. डायल फिरवला. शून्य, शून्य, शून्य.

नवा डावा अपराइट संध्याकाळी पाचला मशीनवरून उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो संभाजीनगरला सीएमएमवर चढवला, तो अकरा मायक्रॉनच्या आत आला. दुपारी साने सरांना कळवलं. तीन दिवसांनी ट्रॅकवर दहा वेळा दोनशेवरून साठ केलं. डाव्या-उजव्या डिस्कमध्ये सहा डिग्रींचा फरक राहिला, तेवढा वाऱ्यानंही पडतो. टेस्ट ड्रायव्हर म्हणाला, "आता सरळ थांबते." त्याच्याकडून एवढंच कौतुक मिळतं.

मग रिपोर्ट. पार्ट नापास झाला की आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो. त्यात मूळ कारण, जबाबदार व्यक्ती आणि पुन्हा होऊ नये म्हणून केलेला उपाय असे रकाने असतात. मी मूळ कारण लिहिलं, "रेस्ट बटन क्रमांक तीनवर बाह्य पदार्थाचा थर." साने सरांनी बोलावून घेतलं.

"बाह्य पदार्थ म्हणजे?"

"कुंकू, सर."

त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. "जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात तुझं नाव आहे."

"मीच लावलं होतं."

"तू पूजा करतेस?"

"नाही, सर. म्हणूनच चुकलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. ताटाचं सांगितलं, मामांनी का पुसलं नाही तेही सांगितलं. साने सर म्हणाले, "म्हणजे व्हेंडर ठेवायचा आणि डिझायनर बदलायचा, असं दिसतंय." मग त्यांनी उपायाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रिकामा होता. "कुंकू लावू नका, असं लिहून देऊ नकोस. ते कुणी पाळणार नाही. डिझाइन कर."

मी डिझाइन केलं. फिक्स्चरच्या बेसच्या पुढच्या कडेला, बटनांपासून आणि क्लॅम्पपासून लांब, पंचवीस मिलिमीटरचा एक गोल कोरायचा, अर्धा मिलिमीटर खोल. ड्रॉइंगवर बाण काढून लिहिलं, "हळद-कुंकू येथे. इतरत्र नाही." ड्रॉइंग तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, मॅडम, या गोलाचं फंक्शन काय? मी म्हणाले, ब्रेक. तिनं दोन वेळा ड्रॉइंगकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. साने सरांनी सही केली.

मामांकडे ड्रॉइंग पोचल्यावर फोन आला. "ताई, या गोलाला टॉलरन्स लिवला न्हाई." टॉलरन्स म्हणजे माप किती चुकलं तरी चालेल त्याची मर्यादा.

"कितीही चुकला तरी चालेल, मामा."

"असं काम म्या आजवर केलं न्हाई," ते म्हणाले. मी नंतर मोजलं, त्यांनी तो गोल वीस मायक्रॉनच्या आत काढला होता.

सरकारी टेस्ट पास झाली. अपराइट जालन्यातच होतात, आता मागच्या चाकांचेही.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेले. मशीनं धुतलेली होती, झेंडूचे हार होते, तीन कामगार नवे शर्ट घालून उभे होते. मामांनी ताट पुन्हा माझ्याच हातात दिलं. मी कुंकू घेतलं आणि वाकले. फिक्स्चर नवं होतं, उजेड मागून येत होता, गोल मला लगेच दिसला नाही. माझा अंगठा जरा वर गेला असावा.

"ओ ताई!" मामा सगळ्यांसमोर ओरडले. "तिथं कुठं चालल्या? खाली, खाली! ड्रॉइंग वाचता येत न्हाई का तुमाला?"

कामगार हसले. माझंच ड्रॉइंग होतं. मी मुकाट्यानं हात खाली घेतला आणि बरोबर गोलात कुंकू लावलं. कडेला जरा सांडलं, तर मामांनी पुढं होऊन ते माझ्या देखत फडक्यानं पुसून टाकलं आणि म्हणाले, "हां, आता बराबर."

नव्या इंजिनिअरना मी एकच सांगते. व्हेंडर निवडताना मशीन बघा, मापं बघा, पण एकदा मुद्दाम चूक करूनही बघा. जिथं ती तोंडावर सांगतात, तिथून पार्ट घ्या.